दर हंगामाला तीच बॅटरी निकामी होते, ती का?

पत्र

आमची वेसाव्याला डोलीची बोट आहे. बाबा स्वतः तांडेल, इंजिनाचं काका बघतात आणि डिझेल-बर्फापासून सगळा हिशेब माझ्याकडे. इंजिन २४ व्होल्टवर सुरू होतं, त्यासाठी ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडल्यात. त्यातल्याच एकीवरून १२ व्होल्ट काढून केबिनचे दिवे, जीपीएस-फिशफाइंडर, वायरलेस, मोबाइल चार्जिंग असं सगळं चालतं. दोन रात्री बाहेर राहिलं की पहाटे इंजिन उचलत नाही. दर हंगामाला एक बॅटरी बसते, आणि गंमत म्हणजे तीच, त्याच बाजूची. दुसरीला मात्र दर आठवड्याला पाणी घालावं लागतं. दुकानदार म्हणतो, पीस खराब निघाला. काका म्हणतात, ट्रकचीच घ्या पण जास्त एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते). दाजी म्हणतात, लिथियम घ्या. शेजारच्या बोटीवर घरच्या इनव्हर्टरची ट्यूब्युलर बसवलीय. नक्की कोणती घ्यावी? लिथियमला आग लागते म्हणतात, ते खरं का? आणि जुन्या बॅटऱ्यांचं काय करायचं?

– नाखव्याची मुलगी, वेसावे

उत्तर

ताई, जे तुम्ही 'गंमत' म्हणून लिहिलंय, रोग तिथेच आहे. त्याच बाजूची बॅटरी बसते आणि दुसरी पाणी पिते, या दोन गोष्टी एकत्र आल्या की बॅटरी उघडून बघायचीही गरज उरत नाही. पीस खराब नव्हता. तुम्ही जगातली सगळ्यात महाग बॅटरी आणून त्या जागी ठेवलीत तरी तीही बसेल.

होतं काय ते सांगतो. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक, जोडल्या की अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटऱ्या भरणाऱ्या यंत्राला, त्या २४ व्होल्टची एकच बॅटरी म्हणून दिसतात. तो २८ व्होल्टच्या आसपास देतो आणि करंट दोघींतून सारखाच जातो. पण त्यातली एक रात्रभर केबिनला देऊन रिकामी झालेली असते, दुसरी जवळजवळ भरलेली. अल्टरनेटर फक्त बेरीज बघतो. मग रिकामीच्या वाट्याला १२.९ व्होल्ट येतात आणि भरलेलीच्या वाट्याला १५.१. बेरीज बरोबर २८, म्हणजे अल्टरनेटर खूश. इकडे रिकामी कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसत जातो. तिकडे भरलेली उकळते, पाणी उडवते. एक उपाशी मरते, दुसरी अति खाऊन.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, मीटर लावून बघा. काकांना सांगा, धक्क्यावर परतताना इंजिन तासभर चाललेलं असेल तेव्हा साध्या मल्टिमीटरने दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळं व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर घरातला वाद तिथेच मिटला. ही मधून १२ काढायची सवय तुमच्याच बोटीवर आहे असं नाही. भाऊच्या धक्क्यापासून मढपर्यंत कितीतरी बोटींवर दिसते, कारण त्यात फक्त एक वायर लागते आणि पहिले दोन महिने काहीच बिघडत नाही.

म्हणून प्रश्न 'कोणती बॅटरी' इथून सुरू करू नका. आधी इंजिनाची वीज आणि केबिनची वीज वेगळी करा. रात्रभर दिवे जळून केबिनची बॅटरी पार झोपली तरी पहाटे इंजिन उचललंच पाहिजे. किनाऱ्यापासून लांब, वारा उठलेला असताना हे किती महत्त्वाचं, ते तांडेलाच्या मुलीला मी काय सांगणार.

आता काकांचं. काका निम्मे बरोबर आहेत. स्टार्टरला काही सेकंद शेकडो अँपिअर लागतात. ट्रकच्या बॅटरीत त्यासाठीच पातळ आणि जास्त प्लेटा असतात, म्हणजे झटक्यात भरपूर करंट सुटतो. त्या कामाला तीच बॅटरी योग्य, ती बदलू नका. पण याच पातळ प्लेटांना रात्रभर हळूहळू रिकामं होणं सोसत नाही. असं खोलवर उतरणं काही डझन वेळा झालं की ती गेली. एएच वाढवून मरण फक्त थोडं पुढे ढकललं जातं. तेव्हा दोन ट्रकच्या बॅटऱ्या इंजिनाला ठेवा आणि त्यांच्यावर स्टार्टर सोडून दिवासुद्धा लावू नका. केबिनला १२ व्होल्टची स्वतंत्र बॅटरी घ्या.

ती केवढी, हे अंदाजाने ठरवू नका. तुमच्याकडे हिशेबाची वही आहेच, त्यात एक पान याला द्या. तुम्ही लिहिलेल्या सामानावरून मी साधारण मांडतो. आकडे प्रत्येक उपकरणाच्या मागच्या पाटीवरून पक्के करून घ्या.

जीपीएस-फिशफाइंडर सव्वा अँपिअरच्या आसपास घेतो. चोवीस तास चालू म्हणजे ३० एएच. वायरलेस नुसता ऐकायला ठेवला तर अर्ध्या अँपिअरहून कमी, पण बटण दाबून बोलताना पाच-सहा अँपिअर खेचतो. दिवसाचे धरा १२. रात्रीच्या एलईडी खुणेच्या दिव्यांचे ९. जाळं ओढताना डेकवर दोन फ्लडलाइट लागतात, २० वॅटचे दोन, पाच तास, म्हणजे १७. केबिनचा दिवा-पंखा ८. सहा खलाशांचे मोबाइल धरा ८. वर ट्रान्सपॉन्डरचे, म्हणजे बोटीचं ठिकाण किनाऱ्याला कळवणाऱ्या यंत्राचे, सात-आठ. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते ज्या योजनेची सुरुवात झाली, देशभरातल्या एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायची, त्यातला तुमच्याकडे अजून आला नसेल तरी जागा धरून ठेवा. हे यंत्र बंद ठेवण्यासाठी नसतं.

बेरीज दिवसाला ९० एएचच्या घरात जाते. सगळी एकदम बॅटरीतून जात नाही, मध्ये इंजिन चालतं. इंजिन बंद करून जाळ्यावर थांबता ते बारा-चौदा तास धरले तर बॅटरीवर ५०-५५ एएच पडतात. हाच आकडा कामाचा.

शिशाची कुठलीही बॅटरी, म्हणजे ट्रकची किंवा इनव्हर्टरची, निम्म्याखाली उतरवायची नाही, तरच ती टिकते. म्हणजे ५५साठी किमान १२०ची हवी. लिथियम ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, तिथे १००ची पुरते आणि हाताशी थोडी उरतेही.

शेजाऱ्यांच्या ट्यूब्युलरबद्दल स्पष्ट बोलतो. बॅटरी म्हणून ती वाईट नाही. खोलवर उतरून पुन्हा भरणं तिला ट्रकच्या बॅटरीपेक्षा कितीतरी चांगलं जमतं, आणि किमतीत परवडते. पण ती घराच्या कोपऱ्यात, सपाट फरशीवर उभी राहायला केलेली आहे. उंच, आम्लाने भरलेली, १५०ची घेतली तर पन्नास-साठ किलोची. बोट आडवी लाट खाते तेव्हा वरच्या भोकांतून आम्ल बाहेर येतं. चार्जिंगच्या शेवटी शेवटी तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते, आणि तुमच्या केबिनला लागूनच स्टोव्हवर कालवण शिजत असतं. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. बोटीच्या तळात साचलेलं खारं पाणी या बॅटरीच्या आम्लात शिरलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद केबिनमध्ये झोपलेल्या माणसांसाठी तो विषच. शेजाऱ्यांना निदान एवढं सांगा की बॅटरी तळापासून उंच, झाकणाच्या पेटीत, पट्ट्याने आवळून आणि वारा खेळेल अशी ठेवा.

सीलबंद एजीएम, तीही शिशाचीच, हा मधला मार्ग. तिच्यात आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, सांडत नाही, पाणी घालायला नको, हादरे सोसते. बजेट अगदीच आखडलेलं असेल तर हीच घ्या. फक्त लॅमिंग्टन रोडला 'एसएमएफ' म्हणून जी स्वस्त मिळते ती बहुतेक वेळा यूपीएसची असते. वर्षभर भरलेली राहून वीज गेल्यावर दहा मिनिटं चालायला केलेली. रोज उतरायची-चढायची एजीएम वेगळी असते. दुकानदाराला डेटाशीट मागा आणि '५० टक्के उतरवल्यास किती सायकल', म्हणजे किती वेळा उतरून-भरून टिकेल, हा आकडा त्यात दाखवायला सांगा. आकडा नसेल तर बॅटरी तिथेच राहू द्या. जेलची बॅटरीही येते. तिला चार्जिंगचं व्होल्टेज थोडं जास्त झालं तरी कायमचं नुकसान होतं. बोटीवर ही नाजूक प्रकृती कुणी सांभाळायची? सोडून द्या.

आता माझं मत: तुमच्या बोटीला लिथियम. दाजींचं कारण बहुधा वजन किंवा आयुष्य असेल. तेही खरं आहे. १००ची एजीएम तीस किलोची, तेवढीच लिथियम बारा-तेरा किलोची, आणि सायकल काहीशेंऐवजी काही हजार. पण माझं कारण वेगळं आहे. शिशाच्या बॅटरीचं पहिलं ८० टक्के पटकन भरतं, शेवटचं २० टक्के भरायला कितीही मोठा चार्जर लावा, तासन् तास जातात. तुमचं इंजिन सलग तेवढं चालतच नाही. म्हणजे एजीएम घेतली, ट्यूब्युलर घेतली, ती हंगामभर अर्धवट भरलेलीच राहणार आणि पुन्हा सल्फेट. आजचाच रोग, फक्त हळू. लिथियमला अर्धवट राहिल्याचं काही वाटत नाही, उलट तिला तेच मानवतं. आणि ती करंट भराभर घेते. ३० अँपिअरच्या चार्जरने तुमचे ५५ एएच दोन तासांत परत भरतात. वसई-अर्नाळ्याकडे किंवा रायगडच्या बाजूला निघाल्यावर दोन तास इंजिन चालणारच आहे.

वर मुंबईची हवा. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. ऑक्टोबरात तुमच्या इंजिनघरात किती तापतं ते काकांना विचारा.

आगीचं विचारलंत, बरं केलंत. 'लिथियम' हे एका बॅटरीचं नाव नाही, घराण्याचं आहे. मोबाइलमध्ये आणि बऱ्याच स्कूटरींमध्ये निकेल-कोबाल्टच्या जातीची असते. ती बिघडली, चेपली किंवा जास्त चार्ज झाली की भडकते, आणि पेट घेतल्यावर विझवणं मुश्कील. बोटीवर घ्यायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. तिच्या सेलचं व्होल्टेज ३.२, चार सेलची १२.८ व्होल्टची बॅटरी. ही जात बरीच शांत आहे. अजिबात पेटत नाही असं मात्र मी लिहून देणार नाही. ढिल्या टर्मिनलने आणि बिनफ्यूजच्या वायरने कुठलीही बॅटरी बोट जाळू शकते, ट्रकचीसुद्धा. खरा धोका ओळखीतल्या माणसाने जुन्या स्कूटरीचे सेल काढून टेपने गुंडाळलेल्या पॅकचा. तो फुकट दिला तरी घेऊ नका.

लिथियम घेताना बॅटरीइतकंच लक्ष चार्जिंगवर द्या, कारण पैसे वाया जातात ते इथे. ती अल्टरनेटरला थेट जोडायची नाही. एक तर तुमचा अल्टरनेटर २४चा. दुसरं म्हणजे लिथियम मागेल तेवढा करंट खेचते आणि अल्टरनेटर त्या भारावर तापून जळतो. शिवाय बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट, बीएमएस, भरल्यावर मध्येच तोडतं आणि त्या झटक्यात अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. मध्ये २४ ते १२चा डीसी-डीसी चार्जर हवा, ज्यात लिथियमची सेटिंग आहे, म्हणजे १४.२ ते १४.४ व्होल्टला भरून थांबणारा. नुसता व्होल्टेज उतरवणारा स्वस्त कन्व्हर्टर नको. इंजिन चालू असेल तेव्हाच सुरू होणारा घ्या, नाहीतर तोच रात्री इंजिनाच्या बॅटऱ्या पिऊन टाकेल आणि आपण फिरून पहिल्या पानावर. अल्टरनेटरच्या पाटीवर किती अँपिअर लिहिलंय तेही बघा. ३० अँपिअरचा चार्जर २४च्या बाजूने अठराएक अँपिअर घेतो, तेवढी सवड हवी.

चार्जर इंजिनघरात लावू नका, केबिनमध्ये नव्या बॅटरीशेजारी लावा. लांबची वायर २४ व्होल्टची राहते, करंट कमी, वाटेत गळती कमी. बॅटरीही केबिनमध्येच, बाकाखाली, तळापासून उंच, पट्ट्याने बांधलेली. इंजिनघराच्या उष्णतेत लिथियमचं बीएमएस चार्जिंग बंद करून टाकतं आणि मग खलाशी म्हणतात, नवीन बॅटरी चार्जच होत नाही.

वायर तांब्याची, कथिलाचा मुलामा असलेली. साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी-काळी होत जाते, बाहेरून रबर नवंकोरं. दारूखान्यात जहाजी सामानाच्या दुकानांत विचारा. लग, म्हणजे वायरीच्या टोकाचे धातूचे जोड, यंत्राने दाबून बसवलेले हवेत, पिळून टेप मारलेले नाहीत. आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, दोन्ही ठिकाणी: केबिनच्या बॅटरीला आणि इंजिनघरातून येणाऱ्या वायरीच्या तोंडाशी. शॉर्ट झाला तर लिथियम हजारो अँपिअर सोडते, तेव्हा मोटारीचा प्लास्टिकचा फ्यूज चालणार नाही, त्या ताकदीचा मोठा फ्यूज मागा.

लिथियमची एक खोड बाबांना आधी सांगून ठेवा. शिशाची बॅटरी उतरत आली की दिवे मंद होतात, माणसाला कळतं. लिथियम शेवटपर्यंत १३ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि मग बीएमएस एकदम तोडतं. जीपीएस, वायरलेस, दिवे, सगळं एका क्षणात काळोखात. म्हणून व्होल्टमीटरवर भरवसा नको. शंटवाला मीटर लावा, जो आत-बाहेर गेलेले एएच मोजून टक्के दाखवतो, आणि ३० टक्क्यांचा अलार्म लावा. एक हातातला वायरलेस चार्ज करून केबिनमध्ये टांगलेला असू दे.

पैसे एकदम नसतील तर क्रम असा ठेवा. आधी मधून १२ व्होल्ट काढणारी वायर तोडून चार्जर बसवा, कारण त्याच्याशिवाय कुठलीच बॅटरी टिकणार नाही. बरेच चार्जर एजीएम आणि लिथियम दोन्हींची सेटिंग देतात, तसाच घ्या. मग पहिलं वर्ष एजीएमवर काढलं तरी चालेल. लिथियमला आज तिच्या दुपटी-तिपटीने पैसे पडतील. बिलावर 'लिथियम आयर्न फॉस्फेट' असं लिहून घ्या, आणि वॉरंटी बोटीवरच्या वापराला लागू आहे का ते लेखी विचारा. बऱ्याच वॉरंट्या घर आणि सोलरपुरत्या असतात. केबिनच्या छपरावर १०० वॅटचं सोलर पॅनल लावलंत तर उन्हाच्या दिवसात २५-३० एएच मिळतात, ट्रान्सपॉन्डर आणि वायरलेसचं भागतं. डोलकाठीची सावली पडणार नाही अशी जागा बघा. पॅनलच्या थोड्या भागावर सावली आली तरी वीज बरीच कमी होते.

पावसाळी बंदीत बोट शाकारून ठेवता तेव्हा दोन्ही जातींना उलटसुलट वागवायचं असतं, यात गल्लत होते. इंजिनाच्या ट्रकच्या बॅटऱ्या घरी न्या, डिस्टिल्ड वॉटर भरा, पूर्ण चार्ज करा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज. एक जूनला तशाच ठेवल्यात तर नारळी पौर्णिमेपर्यंत निम्म्या मेलेल्या असतील. लिथियम मात्र पूर्ण भरून ठेवायची नाही. ५०-६० टक्क्यांवर आणा, दोन्ही वायरी काढा, कोरड्या जागी ठेवा आणि विसरून जा.

जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. नवीन घेताना त्याच दुकानात वजनावर परत करा. शिशाला भाव असतो आणि तो बिलातून वजा करून घेता येतो. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, तेव्हा दुकानदार कुरकुर करू लागला तर त्याला त्याची आठवण करून द्या. आणि आम्ल खाडीत ओतून रिकामी बॅटरी कुणी नेऊ पाहत असेल, तर त्याला धक्क्यावरूनच परत पाठवा.